लेकीला नेटबॉल खेळाडूच व्हायचंय, आम्ही काय करावं?

मेलबर्नमधून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. एकुलती एक लेक १७ वर्षांची, अकरावी संपत आलेली, अभ्यासात हुशार. ती डॉक्टर होणार हे घरात कधी ठरलं ते कुणाला आठवत नाही, पण ठरलेलं आहे. आठव्या वर्षापासून ती नेटबॉल खेळते. बास्केटबॉलसारखाच, पण चेंडू घेऊन न पळता पास देत खेळायचा हा खेळ. तिची जागा विंग डिफेन्सची, म्हणजे मधल्या फळीत बचाव करायची. गेल्या महिन्यात व्हिक्टोरियाच्या राज्य लीगमधल्या एका क्लबने तिला २३ वर्षांखालच्या संघात घेतलं. पुढच्या वर्षी, म्हणजे ऐन बारावीत, आठवड्यातल्या तीन संध्याकाळी सराव आणि सामना, शिवाय जिम. त्या रात्री जेवताना तिने सांगून टाकलं, की मला व्यावसायिक खेळाडू व्हायचंय, डायमंड्सपर्यंत, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघापर्यंत जायचंय, आणि मी यूकॅट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देणार नाही. वडील म्हणाले, ‘‘नेटबॉल शनिवारी सकाळी खेळायचा असतो. त्यावर घर चालत नाही.’’ तेव्हापासून बापलेकीत कामापुरतंच बोलणं आहे. सांगलीहून आलेल्या आजींना तोकडा ड्रेस खटकतो. पुण्याचे काका म्हणतात, तिथे कशाला झगडते, भारताच्या संघातून खेळव, २०३० ला राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेतच. आणि आई? सरावानंतर लेक गाडीत बसून पोळीभाजीचा रोल खाते आणि गुडघ्यावर फिजिक्सची वही उघडते, ते पाहून तिच्या पोटात तुटतं. ती विचारते: ‘‘तिला अडवलं तर ती आयुष्यभर बोल लावेल. सोडलं तर आयुष्याचं नुकसान होईल. आपल्या मुली या खेळात कुठे दिसतात? क्लबला तीन आठवड्यांत कळवायचं आहे. काय करू?’’

प्रिय ताई,

पत्र दोनदा वाचलं. नवऱ्याचं म्हणणं त्यात आहे, सासूबाईंचं आहे, पुण्याच्या दिरांचं आहे, तुमची घालमेल तर ओळीओळीत आहे. लेकीची मात्र दोनच वाक्यं आहेत आणि तीही जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, बहुधा आवाज चढवून म्हटलेली. तिला ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हणजे नेमकं काय हवंय, हे तिला कुणी शांतपणे विचारलं आहे का? १७ वर्षांची मुलगी ‘मला डायमंड्समध्ये जायचंय’ म्हणते तेव्हा त्यात बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. तिला खरोखर ऑस्ट्रेलियाकडून खेळायचं असेल. किंवा एवढंच म्हणायचं असेल, की मला या क्लबात जाऊ द्या. किंवा डॉक्टर व्हायचं नाही आणि ते सांगायला तिला दुसरं निमित्त सापडलं नसेल. तीनही शक्यता खऱ्या आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. त्यामुळे ‘अडवू की सोडू’ हा तुमचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. आधी या खेळातलं आयुष्य कसं असतं ते पाहू, कारण तुमच्या घरात ते नीट माहीत असलेली एकच व्यक्ती आहे आणि तिच्याशीच बोलणं बंद आहे.

सुरुवात तुमच्या नवऱ्यापासून करते, कारण ते चुकीचं बोलत नाहीत. नेटबॉलमध्ये पैसा कमी आहे. ऑस्ट्रेलियातली सुपर नेटबॉल ही जगातली सगळ्यात तगडी लीग मानली जाते. २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा खेळाडूंचा किमान वार्षिक पगार १३,२५० डॉलरवरून २७,३७५ डॉलरवर गेला आणि ती मोठी झेप म्हणून तिचं कौतुक झालं. त्यानंतर आकडे वाढले आहेत, पण पुरुषांच्या क्रिकेट-फुटबॉलशी तुलना करण्याच्या जवळपासही नाहीत. २०२३ मध्ये जुना वेतनकरार संपला, नवा होईना, आणि ज्या संघाने त्याच वर्षी विश्वचषक जिंकला होता त्याच्या खेळाडूंसकट सगळ्याजणी कित्येक आठवडे बिनपगारी राहिल्या. डिसेंबरात तडजोड झाली, प्रायोजकांकडून येणाऱ्या पैशात खेळाडूंना वाटा मिळाला. त्याच वर्षी कॉलिंगवूडने आपला संघ लीगमधून काढून घेतला. तिथल्या मुलींना दुसरीकडे जागा शोधाव्या लागल्या. हे सगळं तुमच्याच शहरातलं आहे.

आणि जागा तरी किती? आठ संघ, प्रत्येक संघात करारावरच्या दहा खेळाडू. म्हणजे ८० जागा. त्यातल्या काहींवर जमैका, इंग्लंड, दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या खेळाडू असतात. देशभर हा खेळ खेळणाऱ्या मुली लाखांनी आहेत. ऑलिम्पिकमध्ये नेटबॉल नाही, त्यामुळे चार वर्षांनी येणारी ती प्रसिद्धी आणि तो पैसाही नाही. विश्वचषक आणि राष्ट्रकुल स्पर्धा हीच दोन शिखरं. बहुतेकींची कारकीर्द तिशीच्या आसपास संपते. हे आकडे लेकीला ठाऊक असतील, कदाचित तुमच्यापेक्षा चांगले. पण ते तिच्या बापाच्या तोंडून ‘खेळावर घर चालत नाही’ या वाक्यात येतात तेव्हा ती आकडा ऐकत नाही, फक्त नकार ऐकते.

आता याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू. पगार इतका तुटपुंजा होता म्हणूनच या खेळातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या खेळासोबत दुसरं काहीतरी करत आल्या. ‘शिक्षण की खेळ’ हा प्रश्न क्रिकेटमध्ये जितका धारदार आहे तितका इथे कधीच नव्हता. लिझ एलिस हे नाव लेकीला नक्की माहीत असेल. ऑस्ट्रेलियाची माजी कर्णधार, १२२ आंतरराष्ट्रीय सामने. तिने कायद्याची पदवी घेतली आणि खेळत असतानाच वकिली केली. युगांडाची पीस प्रोस्कोव्हिया इंग्लंडच्या लीगमध्ये लफबरोकडून खेळत होती आणि तिथल्याच विद्यापीठात शिकत होती. आणि तुमच्या घरासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण इंग्लंडच्या लेला गस्कोथचं. ती बचावफळीतली खेळाडू, आणि ती डॉक्टर आहे. वैद्यकीय शिक्षण पुरं केलं, रुग्णालयात काम केलं, ॲडलेडच्या थंडरबर्ड्सकडून ऑस्ट्रेलियात खेळली. २०१९ मध्ये लिव्हरपूलच्या विश्वचषकात तिच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला. २०२३ ला केप टाउनमध्ये इंग्लंड पहिल्यांदाच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचलं, त्या संघात ती होती.

हे वाचून ‘बघ, डॉक्टर होऊनही खेळता येतं’ असं लेकीला ऐकवायला मात्र जाऊ नका. हे उदाहरण तुमच्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही. गस्कोथसारख्या दोन्ही गोष्टी पेलणाऱ्या थोड्या असतात आणि त्यांनाही मधून मधून एक गोष्ट बाजूला ठेवावी लागते. मला एवढंच म्हणायचंय, की खेळ निवडला म्हणजे पुस्तकं माळ्यावर गेली असं या खेळात होत नाही. उलट ज्या मुली पूर्णपणे खेळावरच विसंबतात त्यांची अवस्था २०२३ च्या त्या आठवड्यांत सगळ्यात वाईट होती.

मग बारावीचं काय? इथे तुमच्या मनात सांगली-पुण्यातली बारावी आहे असं मला वाटतं: एकच वर्ष, एकच परीक्षा, चुकलं की गाडी गेली. व्हिक्टोरियातली पद्धत त्यापेक्षा बरीच लवचिक आहे. एखादा विषय तिने अकरावीतच पुरा केला असेल तर बारावीला पाचऐवजी चार विषय राहतात. बारावी दोन वर्षांत विभागून करता येते. शाळेत त्यासाठी समन्वयक असतात आणि खेळाडू मुलांसाठी अशी सोय करून देणं त्यांना नवं नाही. वैद्यकीय प्रवेशाचा दरवाजाही एकच नाही. मोनॅशमध्ये बारावीनंतर थेट प्रवेश आहे, त्याला यूकॅट लागते. पण मेलबर्न विद्यापीठाचा वैद्यकीय अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. म्हणजे आधी विज्ञानाची किंवा आणखी कुठली पदवी, मग गॅमसॅटची परीक्षा, मग वैद्यक. या रस्त्याने जाणारे विद्यार्थी विशीत अर्ज करतात. लेकीने बारावीत यूकॅट दिली नाही म्हणून वैद्यकाचा रस्ता बंद होत नाही, आणि दिली म्हणून ती डॉक्टर होण्याला बांधली जात नाही. ही दुसरी गोष्ट तिला सांगण्यासारखी आहे. ‘परीक्षा देऊन ठेव, उत्तर नंतर दे’ असं म्हणून पाहा. पण तेही तिने आधी तुमच्याशी बोलायला सुरुवात केल्यावर.

तुमच्या पत्रातली मला खरी टोचलेली ओळ वेगळीच आहे. ‘आपल्या मुली या खेळात कुठे दिसतात?’ यावर थोडं थांबते.

दक्षिण आशियातली एक खेळाडू तर जगभर दिसली आहे. श्रीलंकेची तर्जिनी शिवलिंगम. जाफना भागातली तमिळ मुलगी, उंची दोन मीटरच्या वर, युद्धाच्या काळात वाढलेली. तिने गोल शूटर म्हणून श्रीलंकेला आशियाई विजेतेपदं मिळवून दिली, ऑस्ट्रेलियात येऊन तुमच्याच राज्य लीगमध्ये खेळली, आणि २०१९ च्या विश्वचषकात स्पर्धेतले सर्वाधिक गोल तिच्या नावावर लागले. श्रीलंका त्या स्पर्धेत खालच्या क्रमांकांत होती, तरीही. पण तर्जिनीची उंची हजारांत एखादीला मिळते, म्हणून तुम्ही म्हणाल की आमची लेक काही तशी नाही. तिला तशी असायची गरज नाही. मधल्या फळीतल्या खेळाडू १.७५ मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही बुटक्या असतात. त्यांचं भांडवल पाय, फुप्फुसं आणि डोळे.

तुम्ही तिचा सामना कसा पाहता मला माहीत नाही. बहुतेक पालक चेंडूमागे पाहतात. पुढच्या वेळी चेंडू सोडा आणि विंग डिफेन्सचा बिब (जागेची अक्षरं लिहिलेला पट्टा) घातलेल्या मुलीवरच पंधरा मिनिटांचा एक क्वार्टर नजर ठेवा. तिला गोल करता येत नाही, गोलच्या वर्तुळात पाऊलही टाकता येत नाही. समोरच्या विंग अटॅकला चेंडू मिळाला की तिने ०.९ मीटर, म्हणजे तीन फूट मागे सरायचं आणि तिथून दोन्ही हात उंचावून, तोल न जाऊ देता, पुढे वाकायचं. चेंडूवाल्या खेळाडूकडे तीनच सेकंद असतात. त्या तीन सेकंदांत हिच्या बोटांनी पास अर्धा फूट वर उचलायला लावला की मागची गोल डिफेन्स तो पळवते आणि टाळ्या तिला मिळतात. धावफलकावर विंग डिफेन्सचं नाव क्वचित येतं. नऊ वर्षं कुणी ही जागा आवडीने खेळत असेल तर ती मुलगी टाळ्यांसाठी खेळत नाही. ताई, तिच्या स्वभावाबद्दल हे तिने तुम्हाला रोज सांगितलं आहे. सामन्याआधी अंपायर नखं तपासतात हे तुम्ही पाहिलं असेलच. त्या वयात नखं वाढवायची हौस सोडणं हीसुद्धा निष्ठाच.

तरीही ‘आपल्या मुली दिसत नाहीत’ यात तथ्य आहे, आणि त्यावर गोड बोलून पडदा टाकायचा नाही. ऑस्ट्रेलियाचा नेटबॉल अजूनही बराचसा गोरा आहे. डॉनेल वॉलमची गोष्ट यासाठीच सांगते. २०२२ मध्ये ती डायमंड्समध्ये निवडली गेली. संघाच्या सगळ्या इतिहासात ती तिसरी आदिवासी खेळाडू. त्याच वेळी संघाला एका बड्या खाणकंपनीचं दीड कोटी डॉलरचं प्रायोजकत्व मिळालं होतं. त्या कंपनीच्या संस्थापकाने १९८४ मध्ये आदिवासींबद्दल अत्यंत हीन विधानं केली होती. वॉलमला ते नाव अंगावर मिरवणं जड गेलं, तिने तसं सांगितलं, आणि सहखेळाडू तिच्यामागे उभ्या राहिल्या. कंपनीने करार मागे घेतला. पैसा बुडाला म्हणून तिच्यावर किती राळ उडाली असेल याची कल्पना करा. पुढच्या काही दिवसांत न्यूकॅसलला इंग्लंडविरुद्ध ती पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळायला उतरली आणि शेवटच्या क्षणी विजयी गोल तिनेच केला.

यात तुमच्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक: कपडे बदलायच्या खोलीत एकटं पडल्यासारखं वाटणारे दिवस लेकीच्या वाट्याला येतील. त्या वेळी तिच्या मागे कोण उभं असेल हा प्रश्न पगारापेक्षा मोठा आहे. दुसरी गोष्ट: वॉलम तेव्हा २८ वर्षांची होती. ऑस्ट्रेलियात जागा मिळत नव्हती म्हणून ती इंग्लंडला लीड्सकडून खेळून आली, मग क्वीन्सलँडच्या फायरबर्ड्सने तिला बोलावलं. १७ व्या वर्षी निर्णय घेतला नाही तर संपलं, ही भीती तुम्हाला बारावीबद्दल वाटते आणि लेकीला खेळाबद्दल वाटते. दोघींची भीती एकच आहे, आणि दोन्हीकडे ती जरा अवास्तव आहे.

काकांच्या सूचनेबद्दल थोडक्यात. २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा यजमान म्हणून भारताचा नेटबॉल संघ प्राची तेहलानच्या नेतृत्वाखाली खेळला होता, हे खरं. पण भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही, असं सरकारचं धोरण २००८ पासून आहे. लेकीने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर पासपोर्ट कुठला ठेवायचा हा निर्णय एका स्पर्धेसाठी घेण्याचा नाही. आणि भारतात नेटबॉलची व्यावसायिक कारकीर्द आज नाही. महाराष्ट्रातून हे सदर वाचणाऱ्या पालकांनाही हे सांगायला हवं: आपल्याकडे शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये नेटबॉल आहे, तुमची मुलगी जरूर खेळू दे, पण पगार देणारी लीग इथे नाही. कुणी अकादमीवाला भरघोस फी घेऊन सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची हमी देत असेल तर आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारा, की हा खेळ, ही स्पर्धा आणि या संघटनेचं प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं का. पडताळणीत प्रमाणपत्र बाद झालं की सगळ्यात जास्त भोगावं लागतं ते मुलीलाच.

आजींचा ड्रेसचा मुद्दा भांडण करण्याइतका मोठा नाही. स्थानिक पातळीवर आता शॉर्ट्स आणि लेगिंग्जची मोकळीक आहे, पण काय घालायचं ते लेक ठरवील. आजींना एकदा सामन्याला घेऊन जा. पांघरूण, थर्मास आणि बसायला घडीची खुर्ची न विसरता.

गुडघ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, मला मात्र त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. नेटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळता येत नाही. हवेत उडी मारून झेल घ्यायचा आणि खाली आल्यावर जागच्या जागी थांबायचं. सगळा वेग गुडघ्यात आणि घोट्यात जिरतो. गुडघ्यातला मुख्य लिगामेंट तुटणं ही या खेळातली ओळखीची दुखापत आहे आणि किशोरवयीन मुलींना तिचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. एकदा तुटला की शस्त्रक्रिया आणि बहुधा वर्षभर मैदानाबाहेर. लिझ एलिसचा २००५ मध्ये असाच तुटला होता. ती मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धांना मुकली आणि २००७ ला कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकून थांबली. सगळ्यांना असं परत येता येत नाही. नेटबॉल ऑस्ट्रेलियाने गुडघ्यासाठी सरावाआधीच्या व्यायामांचा ‘नी प्रोग्राम’ तयार केला आहे, तो मोफत मिळतो. नव्या क्लबात तो नेमाने करून घेतात का, संघाला फिजिओ आहे का, शाळेचा संघ आणि क्लब मिळून आठवड्यात तिच्या किती उड्या होतात याचा हिशेब कोण ठेवतं, हे कोचला थेट विचारा. उत्तर देताना कोच चाचरला तर ती बारावीपेक्षा मोठी धोक्याची सूचना समजा. माझं मत विचाराल तर शाळेच्या संघातून पुढच्या वर्षी तिने बाहेर पडावं. दोन्ही संघ आणि बारावी हे सगळं एकदम नको.

त्याच्याच बरोबरीने आहार. रात्री साडेनऊला गाडीत एक रोल, ही तीन-तीन संध्याकाळी मैदानावर असणाऱ्या मुलीची पोटपूजा नाही. तुमचं घर शाकाहारी असेल तर तिचं लोह, फेरिटिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व यंदाच तपासून घ्या. पाळी अनियमित झाली असेल तर ‘खेळाडू मुलींचं असंच असतं’ म्हणून सोडू नका. शरीराला इंधन कमी पडतंय याची ती खूण असू शकते, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. सरावाला जाण्याआधी चारच्या सुमाराला एक पोटभर खाणं हवंच. पोहे, दाण्याचा लाडू, दही-भात, काहीही. रात्रीचं मग हलकं चालतं. हे तुम्ही उद्यापासून करू शकता, त्यासाठी कुणाच्या होकाराची वाट पाहायला नको.

आता त्या तीन आठवड्यांचं. माझ्या मते लेकीने ही जागा घ्यावी. स्पष्टच लिहिते, कारण ‘तुमचं तुम्ही ठरवा’ हे उत्तर तुम्हाला नको आहे. २३ वर्षांखालच्या संघात १७ व्या वर्षी निवड होणं म्हणजे डायमंड्स नव्हे, पण उगीचही नव्हे. तिच्यात किती दम आहे हे कळायला यापेक्षा चांगली कसोटी नाही, आणि ही कसोटी तुमच्या घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर आहे. व्यावसायिक खेळाडू होण्याबद्दल आज कुणीच काही ठरवू नये, तिनेही नाही. राज्य लीग, मग राखीव संघ, मग सुपर नेटबॉलच्या संघासोबत सराव करणाऱ्या मुलींत जागा, मग कदाचित करार. प्रत्येक पायरीवर बऱ्याचजणी थांबतात. कोचला विचारा, ‘‘हिच्यात काय कमी आहे, आणि ते दोन वर्षांत भरून निघेल का?’’ कौतुक काय, सगळेच करतात. कमी काय आहे ते नेमकं सांगणारा कोच मिळाला तर तो धरून ठेवा.

घरात मात्र काही गोष्टी आधी ठरवून घ्या, आणि त्या लेकीने सुचवाव्यात. रात्री किती वाजता झोपायचं. कुठले विषय, किती, एका वर्षात की दोन. पहिलं सत्र संपल्यावर तिघांनी बसून पाहायचं, की झेपतंय का. नाही झेपलं तर काय कमी करायचं. ते ‘काय’ आत्ताच ठरवलं तर मार्चमध्ये भांडण होणार नाही. प्रवास, क्लबची फी, बूट, फिजिओ यांचा वर्षाचा खर्च तिच्यासमोर मांडा. ओझं म्हणून नव्हे. ती मोठी होते आहे आणि हा खर्च एक घर म्हणून आपण करतोय हे तिला कळावं म्हणून. बारावीनंतर विद्यापीठ निवडताना तिथे खेळाडूंसाठी परीक्षा-हजेरीच्या सवलतींची योजना आहे का ते पाहा. मेलबर्नच्या बहुतेक विद्यापीठांत ती आहे.

तुमच्या नवऱ्याने एक काम करावं असं वाटतं. आठवड्यातल्या एका संध्याकाळी गाडी त्यांनी चालवावी. तुमच्यावरचा भार कमी होईल हे आहेच, पण बापलेकीचं बोलणं समोरासमोर बसून सुरू होणं अवघड असतं. शेजारी बसून, रस्त्याकडे पाहत, ते सोपं जातं. पहिले दोन आठवडे ते फक्त ट्रॅफिकबद्दल बोलले तरी चालेल. त्यांना पैशाची जी चिंता आहे ती त्यांनी तिला नीट सांगावी, आकड्यांसकट, आणि तिचंही पुरं ऐकून घ्यावं. तिला जर खरोखरच डॉक्टर व्हायचं नसेल तर ते याच गाडीत कधीतरी बाहेर येईल. तेव्हा त्यांनी गाडी थांबवू नये आणि लगेच उत्तरही देऊ नये.

आणि क्लबला होकार असो की नकार, तो फोन तुम्ही करू नका. कोचशी लेकच बोलेल. बारावीचं वेळापत्रक, शाळेच्या संघातून बाहेर पडण्याचा निर्णय, गुडघ्याच्या व्यायामाबद्दलचे प्रश्न, सगळं तिनेच विचारायचं. तुम्ही हवं तर शेजारच्या खोलीत बसा.

तुमची,
सदरलेखिका